मॅन्युअलमधले "विभाग ४.२ पहा" सारखे उल्लेख चुकतात, स्फिंक्समध्ये काय करायचं?

प्रश्न:
पतसंस्थेच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मराठीत लिहितोय, स्फिंक्स (साध्या मजकूर फाइलींपासून मॅन्युअलची पानं बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून. "विभाग ४.२ पहा" असं सगळीकडे हातानेच टाइप केलेलं होतं. मागच्या महिन्यात मधेच एक नवीन प्रकरण घातलं आणि पुढचे सगळे नंबर सरकले, एका शाखेतल्या मॅडम बॅकअप शोधत होत्या आणि पोचल्या रिस्टोअरच्या पानावर, बटण दाबायच्या आधी फोन केला म्हणून वाचलो. शिवाय सॉफ्टवेअरमधल्या मदत बटणाच्या लिंकापण भलत्याच हेडिंगवर जायला लागल्यात, ते का होतंय तेच कळत नाहीये.

उत्तर १:
नंबर हाताने लिहिणं आधी बंद करा. हेडिंगच्या वर लेबल टाका (दोन टिंबं, स्पेस, अंडरस्कोर, नाव, कोलन, मग एक ओळ मोकळी) आणि उल्लेख करताना रेफ रोल (:ref:, म्हणजे त्या लेबलकडे नेणारी लिंक) वापरा. हेडिंगचा मजकूर स्फिंक्स स्वतः उचलतो, उद्या हेडिंग बदललं तरी तिथे आपोआप बदलतं. फोनवर सांगायला नंबरच हवा असेल तर नमरेफ (:numref:) आहे, पण त्यासाठी टॉकट्रीला (toctree, प्रकरणांची यादी) नंबर्ड लावावं लागतं. लेबलचं नाव विषयावरून ठेवा, त्यात ४-२ वगैरे घातलंत तर परत तेच दुखणं.

उत्तर २:
मदत बटणाचं कारण वेगळं आहे, मीपण यात दोन दिवस घालवलेत. हेडिंगवरून अँकर (पानातल्या त्या जागेचा पत्ता) बनवताना डॉकयुटिल्स, म्हणजे स्फिंक्सच्या आतली लायब्ररी, फक्त रोमन अक्षरं ठेवतं, देवनागरी सगळी गळून जाते, काहीच उरलं नाही की आयडी१, आयडी२ असे अँकर क्रमाने देतं. म्हणजे त्याच पानावर वरती एक हेडिंग वाढलं की कालचा आयडी३ आज आयडी४ होतो आणि बटण जुन्याच पत्त्यावर जात राहतं. इंग्रजी मॅन्युअलवाल्यांना हे जाणवतच नाही, म्हणून शोधून उत्तर मिळत नाही. लेबल रोमन अक्षरात द्या, बॅकअप-घेणे असं काहीतरी पण रोमनमध्ये, मग तोच अँकर कायम राहतो. ऑटोसेक्शनलेबल या स्फिंक्सच्या एक्स्टेन्शनच्या नादी लागू नका, त्यात हेडिंग हेच लेबल असतं, हेडिंग बदललं की उल्लेख तुटले.

उत्तर ३:
आणि बिल्डला (पानं बनवायच्या कमांडला) कॅपिटल डब्ल्यूचा फ्लॅग (-W) लावाच, म्हणजे तुटलेला उल्लेख नुसती वॉर्निंग न राहता बिल्डच फेल करतो. जुन्या व्हर्जनमध्ये पहिल्याच वॉर्निंगला थांबतं, तिथे कीप-गोइंग (--keep-going) जोडा. फंक्शन किंवा क्लासचे उल्लेख असतील तर छोटा एनपण (-n) हवा, त्याशिवाय ते तुटले तरी स्फिंक्स गप्प बसतं.

प्रश्नकर्ता:
खूप आभार, आयडी३ चंच होतं! लेबलं टाकून डब्ल्यू लावला तर ११ तुटलेले उल्लेख निघाले, त्यातले दोन रिस्टोअरचे. पण आता एक विभाग दुसऱ्या फाइलमध्ये हलवायचाय, चालेल ना?

उत्तर २:
रेफवाले उल्लेख चालतील, लेबल फाइलवर अवलंबून नसतं. मदत बटणात मात्र फाइलचं नाव असतं, जुन्या पानावर नव्या जागेची लिंक ठेवा आणि सॉफ्टवेअरच्या पुढच्या अपडेटमध्ये पत्ता बदला.