नाशिकची हवा ‘शंभराच्या आत’ आहे म्हणून निश्चिंत राहायचं का?

गोदाकाठ
“नाशिकचा एक्यूआय शंभराच्या आत असतो, दिल्लीचं रडगाणं इथं आणू नका, पहाटेचा खोकला थंडीचा आहे, आल्याचा चहा घ्या.” परवाची ही पोस्ट वाचून गप्प बसवेना.

आधी त्या आकड्याचं बघू. आपला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब हे सांगणारा आकडा, चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. दुपारी ऊन-वारा असतो, धूर वर निघून जातो. पहाटे सहाला तोच धूर जमिनीलगत तुंबलेला असतो. दोन्हींची मिळून ‘समाधानकारक’ पाटी लागते, पण फुप्फुसात जाते ती त्या घटकेची हवा. शिवाय पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चोवीस तासांत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम भरलं की आपल्या मोजपट्टीवर १०० येतात. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा दीडशेच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. म्हणजे तिच्या चौपट घाण आपल्या ‘शंभर’मध्ये मावते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन झपाट्यानं निवते, गार हवा खाली आणि उबदार हवा वर असं झाकण बसतं. ऊन चढून जमीन तापेपर्यंत ते उचलत नाही. नेमक्या त्याच वेळी गोदापार्कवर आणि कृषीनगरच्या ट्रॅकवर गर्दी. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, भरभर चालताना तीसेक, पळताना पन्नासच्या वर, आणि तीही तोंडानं, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असलेल्यांनी हिवाळ्यात नऊनंतर चालावं. माझं म्हणणं एवढंच आहे.

खडी-मुरूम
वेळेचं पटलं, पण मूळ दुखणं सुटलं. नाशिकचं दुखणं धूळ आहे. कुंभाच्या नावानं रस्ते खोदून ठेवलेत. चर बुजवताना माती दीड-दोनशे मिलिमीटरच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायचा असतो. इथं एकदम ढीग लोटतात आणि वरून जेसीबीचा बकेट आपटतात. महिन्यात चर खचतो, माती वर येते, टायरखाली तिचं पीठ होतं. दुभाजकाच्या कडेला बोटभर साचलेली ती राखाडी भुकटी हातात घेऊन बघा, मैद्यासारखी लागते. टँकरनं पाणी मारलं तर दुपारी तासाभरात सुकतं. कोरड्या खराट्यानं झाडलं तर सगळी पुन्हा हवेत, आणि ती पहिल्यांदा झाडणाऱ्या बाईच्याच नाकात. आधी कडेची माती उचलून न्या, मग पाणी मारा. हा क्रम कोणी पाळत नाही.

फुंकनळी
खडी-मुरूम, धुळीचा त्रास मी नाकारत नाही. पण धूळ आणि धूर एकाच मापानं मोजू नका. रस्त्याची धूळ बहुतेक जाड कणांची, पीएम १० मधली, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांतली. तिच्यातली बरीच नाक-घशात अडते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दमा चाळवतो. जळण्यातून निघणारे कण अडीच मायक्रॉनच्या खालचे. ते वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले अतिसूक्ष्म रक्तात उतरतात. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका त्यांच्यामुळे वाढतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला आला, नाशिक त्याच्या यादीत आहे, आणि देशभरात त्यातला निम्म्याहून जास्त पैसा रस्त्याच्या धुळीवर गेला. जळणाऱ्या गोष्टींकडे पाठ.

आणि “एक्स-रे साफ आहे” म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीचा सीओपीडी एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, करा, श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात ती. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर ते थंडीचं दुखणं नव्हे. फुंकताना ओठ सैल राहिले किंवा सहा सेकंदांआधी थांबलात, तर रिपोर्ट चुकतो. तंत्रज्ञाकडून तीनदा नीट करून घ्या.

जळण्याचंच म्हणाल तर सोसायट्यांचा पालापाचोळा, टपऱ्यांवरचं प्लास्टिक, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या पहाटेच्या शेकोट्या. सगळं त्याच झाकणाखाली.

निफाडकर बागायतदार
आला का शेतकरी शेवटी! एकलहऱ्याच्या वीज केंद्राची कोळशाची चिमणी नाही दिसली, अंबड-सातपूरचे कारखाने नाही दिसले, घरटी दोन गाड्या नाही दिसल्या. निफाडला पारा चार-पाचवर येतो तेव्हा तुमच्याकडे पेपरात फोटो छापून येतो, आमच्या बागेत मण्यांची फुगवण थांबते, पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात, आणि निर्यातीचा माल लोकलच्या भावात जातो. एकरी लाखांनी खर्च लावलेला असतो. शेकोटी हौसेनं पेटवत नाही कोणी. दोन तासांचा धूर तेवढा सलतो का तुम्हाला?

ओलावा
भाऊ, तुमचा माल वाचला पाहिजे, यावर दुमत नाही. पण शेकोटीनं तो वाचतो का, हे बघू या.

धुराचं पांघरूण होतं हा समज चुकीचा आहे. जमिनीची उष्णता ज्या लहरींनी निसटते त्यांची लांबी दहा मायक्रॉनच्या आसपास, आणि धुराचे कण एकाहून बारीक. ती उष्णता धुरातून आरपार जाते. उपयोग होतो तो आगीच्या आचेचा, धुराचा नाही. उलट सात-साडेसातला ऊन येतं तेव्हा हाच धूर ते अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो.

दुसरी चूक म्हणजे बांधावर एक मोठा ढीग पेटवणं. मोठ्या आगीची गरम हवा सरळ वर जाते, झाकण फोडून निघून जाते, आणि तिच्या जागी आजूबाजूची गार हवा बागेत ओढली जाते. पेटवायचंच असेल तर ओळींमध्ये लहान-लहान, बऱ्याच जागी, कोरड्या काड्यांच्या. ओला पाला टाकून धूर काढणं म्हणजे जळण आणि छाती दोन्ही वाया घालवणं.

त्यापेक्षा पाणी द्या. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. थंडीच्या लाटेआधी आदल्या दिवशी जमीन ओली करा, ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते. मग पहाटे ठिबक चालू ठेवा. त्या आठवड्यात रोटर मारू नका. भुसभुशीत माती ऊब धरत नाही. ओळींतलं गवत काढा, गवताखाली जमिनीला ऊन लागत नाही. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागण्याच्या, सुमारास तुम्ही घडांना पेपर लावता, तो वेळेवर लावा. आणि थर्मामीटर घराच्या भिंतीवर नको, बागेत घडाच्या उंचीवर टांगा. भिंतीवरचा दोन-तीन अंश जास्त दाखवतो, आणि तुम्ही उशिरा उठता.

निफाडकर बागायतदार
कागदावर सगळं गोड आहे. पहाटे ठिबक चालवायला वीज कुठून आणू? शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. नेमक्या लाटेच्या वेळी दिवसपाळी असली तर पहाटे मोटर बंद. शिवाय मुळाशी पाणी जास्त झालं की मणी तडकतात, दव धरलं की डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग, म्हणजे आणखी फवारणी. मोठ्या ढिगाचं मात्र खरं असेल, मधल्या ओळींना फरक पडत नाही हे सगळेच बघतात. तेवढं मानतो.

गोदाकाठ
आणि टायर? शेकोटी लवकर पेटावी म्हणून तळाशी जुना टायर टाकतात, त्याबद्दल बोला. त्यातून गंधकाचा वायू आणि कॅन्सरकारक हायड्रोकार्बन निघतात, आणि आग राखायला बसलेला माणूस दोन हातांवर असतो.

निफाडकर बागायतदार
टायर जाळणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ते सगळ्या निफाडच्या माथी मारू नका. शहरात तारेतलं तांबं काढायला रबर जाळतात, तिकडेही असंच बोट दाखवा.

तपोवनातला वड
सगळे धुरावर भांडताय आणि तपोवनातली झाडं साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या वस्तीसाठी, जायची वेळ आली होती, ते विसरलात. झाड धूळ धरतं, सावलीतली माती ओली राहते, उडत नाही.

खडी-मुरूम
झाडं वाचलीच पाहिजेत. पण पहाटेचा धूर झाड गिळत नाही. दाट झाडीखाली वारा अडतो, धूर उलट जास्त रेंगाळतो. तो मुद्दा वेगळा मांडा.

फुंकनळी
फवारणीचा विषय निघालाच आहे तर बागेतल्या मजुरांचं कोणीतरी बोला. तोंडाला रुमाल बांधून फवारणीच्या ब्लोअरमागे चालतात. रुमालानं औषध अडत नाही, उलट तो ओला झाला की औषध तासन् तास ओठांशी राहतं. एन ९५ तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि औषधाचा वास आत यायला लागला की डबी संपली. दाढी असेल तर कोणताच मास्क कडेनं बसत नाही. छाटणीनंतर काडीला डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते उघड्या हातांनी लावू नका आणि त्याच्या आगेमागे दारूचा थेंबही नको. दारूबरोबर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. मजुराला हे आधी सांगणं मालकाचं काम आहे.

निफाडकर बागायतदार
हे सांगितलंत ते बरं केलंत. हातमोजे देतो, दारूचं मजुरांना कोणी सांगत नाही हे खरं आहे.

कॉलेजरोड सोसायटी
आमच्या बाजूचं सांगते. घंटागाडी पाल्याची पोती घेत नाही, म्हणून सफाईवाला तो कोपऱ्यात पेटवतो. हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानं उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड आहे, मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार. पण दंडानं पाला संपत नाही. कोंबडीच्या जाळीचा तीन फूट रुंद, तीन फूट उंच गोल करा. वीतभर पाला, त्यावर शेणाचा काला, पुन्हा पाला, असे थर द्या. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी उलथा. तीन-चार महिन्यांत खत होतं. पाला जसाच्या तसा राहिला तर तो कोरडा आहे किंवा शेण कमी पडलं. कुजका वास आला तर पाणी जास्त झालं, कोरडा पाला मिसळा.

ओलावा
निफाडकर, विजेचं तुमचं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं. दिवसपाळीच्या आठवड्यात ठिबक दुपारीच चालवून जमीन ओली करून ठेवा, ऊन उतरण्याआधी. पहाटेच्या पाण्याइतका फरक पडणार नाही, पण पडतो. बेतानंच द्या, मणी तडकण्याची भीती खरी आहे.

निफाडकर बागायतदार
या लाटेत चार ओळी तशा ठेवतो, शेजारच्या चार नेहमीसारख्या. थर्मामीटर दोन्हीकडे घडाच्या उंचीवर. आकडे इथंच टाकीन, जे येतील ते.