बर्नार्ड पेअर्स: अभ्यासक की सरकारचा माणूस?

बखरवाचक:
ब्रिटनमध्ये रशियाचा अभ्यास रुजवणारे म्हणून बर्नार्ड पेअर्स (१८६७-१९४९) यांचं नाव घेतात. १९०७ साली त्यांनी लिव्हरपूल विद्यापीठात रशियन अभ्यासाचा विभाग काढला, पुढे लंडनची स्लाव्ह अभ्याससंस्था चालवली. माझ्या मते हा गृहस्थ आधी राजकारणी, मग अभ्यासक. १९०९मध्ये ड्यूमाच्या (रशियाच्या तेव्हाच्या संसदेच्या) सभासदांना लंडनला आणायचा खटाटोप यांचा. पहिल्या महायुद्धात रशियन सैन्याबरोबर हे सरकारी निरीक्षक. १९१९ला सायबेरियात, कम्युनिस्ट बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या अ‍ॅडमिरल कोल्चाकच्या गोटात. असल्या हातांनी लावलेली विद्याशाखा सरळ कशी वाढणार?

समोवार:
रशियन भाषा ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉर्फिल आधीपासून शिकवतच होते, पण तो भर भाषेवर. पेअर्स मॉस्कोला जाऊन इतिहासकार क्ल्युचेव्हस्कींच्या व्याख्यानांना बसले, देशात हिंडले आणि भाषा, इतिहास, अर्थकारण हे सगळं एकत्र शिकवायला हवं म्हणून हटून बसले. राजकारणात उतरले नसते तर हे सुचलंही नसतं!

बखरवाचक:
हिंडले खरे, पण बसले-उठले कुणाबरोबर? मिल्युकोव्ह, गुच्कोव्ह, म्हणजे ड्यूमावाले. रशिया हळूहळू ब्रिटनच्या वाटेने जाईल, ही त्या मंडळींची आशा यांनी अभ्यास म्हणून मांडली. १९१७च्या क्रांतीने तिचं काय केलं ते सांगायला नको.

नकाशेवाला:
मध्येच तोंड घालतो. लंडनची संस्था पेअर्सनी काढलेली नाही. १९१५ साली किंग्ज कॉलेजात ती सुरू झाली इतिहासकार सेटन-वॉटसन आणि प्राचार्य बरोज यांच्यामुळे. उद्घाटनाचं व्याख्यान चेक नेते मासारिक यांचं, विषय युरोपातली छोटी राष्ट्रं. पेअर्स तिथे आले १९१९मध्ये. रशियाच्या नावाखाली चेक-सर्बांचं श्रेयही त्यांच्याच खात्यात जमा होतंय.

समोवार:
बरोबर. पण संस्था काढण्यापेक्षा ती वीस वर्षं रेटणं अवघड. १९२२मध्ये सेटन-वॉटसन आणि पत्रकार हॅरॉल्ड विल्यम्स यांना घेऊन त्यांनी काढलेलं नियतकालिक आजही निघतं. त्याच वर्षी रशियन साहित्याचे अभ्यासक मिर्स्कींना शिकवायला घेतलं. रशियन साहित्याचा त्यांचा इंग्रजी इतिहास त्या नोकरीतला, आणि त्याला तोड अजून सहज सापडत नाही. मिर्स्की १९३१ला कम्युनिस्ट झाले. एकाच सुराची माणसं जमवायची असती तर?

बखरवाचक:
घेतलं तेव्हा मिर्स्की श्वेत (बोल्शेविकविरोधी) सैन्यातले माजी अधिकारी होते, म्हणजे पेअर्सच्याच गोटातले! कम्युनिस्ट झाल्यावर पुढच्याच वर्षी ते रशियाला परतले (आणि १९३९ला श्रमछावणीत वारले). शिवाय पेअर्स स्वतः १९३५नंतर मॉस्को पाहून मवाळ झाले. वारं फिरलं की हेही फिरले.

समोवार:
कुठलं वारं? ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाची युती १९४१ची. १९३६मध्ये बोल्शेविकांबद्दल बरं लिहून जुन्या रशियन मित्रांचा रोष ओढवण्यात सरकारी माणसाचा काय फायदा?