मदत हवी आहे: पैसे पाठवतोय, पण कुत्र्यांचा निवारा सावरत नाहीये (अहमदपूर, जि. लातूर)

बालाघाटी

नमस्कार मंडळी,

वर्गणी मागायला धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. खाते क्रमांक, क्यूआर कोड काही टाकणार नाही. सल्ला हवाय. शक्यतो ज्यांनी असलं काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांचा.

अहमदपूरच्या अलीकडे, बालाघाटाच्या माळावर एक नवरा-बायको सोडून दिलेली कुत्री सांभाळतात. काका एसटीत चालक होते. (एसटीची पेन्शन किती असते हे ज्यांच्या घरी ती येते त्यांना सांगायला नको.) काकू माझ्या आईच्या गावच्या, म्हणून ओळख. खडकाळ जमिनीचा तुकडा, दोन पत्र्याची शेडं, तारेचं कुंपण आणि एक बोअर, जो एप्रिलमध्ये दम टाकतो. नागपूर-रत्नागिरी महामार्ग रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि रस्त्याकडेला मोडून पडलेली कुत्री दिसायला लागली. काका उचलून आणायचे. सुरुवात एवढीच. आज आकडा साठच्या पुढे आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या तांड्या-वाड्यांतली माणसं ऊसतोडीला निघतात, पार कर्नाटकापर्यंत. ट्रॅक्टरवर सगळा संसार चढतो, कुणाकुणाचं कुत्रंही चढतं, पण म्हातारं झालेलं किंवा नुकतीच व्यालेली मागे राहते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. राग येतो तो दुसऱ्यांचा. हौसेनं हस्की (थंड मुलखातल्या दाट केसांच्या जातीचा कुत्रा) आणायचा, उन्हाळ्यात तो धापा टाकायला लागला, घरभर केस झाले की गाडीत घालून रात्री माळावर सोडायचा. प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड आहे १० ते ५० रुपये! त्या हस्कीच्या गळ्यातला पट्टाही त्याहून महाग असतो.

त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. काम स्थानिक स्वराज्य संस्थांचं. पण इथे एक गाडी येते (कुणाची ते लिहीत नाही), कुत्री उतरवते आणि "तुमच्याकडं हाय की जागा" म्हणून निघून जाते. ना कागद ना पावती.

खाण्याचं सांगतो, कारण निम्म्याहून जास्त पैसा आणि जवळजवळ सगळा वेळ तिथेच जातो. दुपार कलली की काकू चुलवण पेटवतात. गॅस परवडत नाही, म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या. मोठ्या डेगीत तांदळाची कणी, चिमूटभर हळद, आणि चिकनच्या दुकानांतून काका गोळा करून आणतात त्या माना नि पाय. शिजल्यावर काकू परातीत हात घालून हाडं वेगळी करतात, बोटांनी चाचपून, कारण शिजलेलं हाड चिरतं आणि आतड्यात रुततं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, एक कुत्रं गेल्यावर समजलं. मग वाढायचं, तेही क्रमाने. तीन पायांची चंपी आधी, नाहीतर तिला काही मिळत नाही. दांडगी पोरं शेवटी. हे सगळं आटपेपर्यंत अंधार पडतो. काकूंचं वय पासष्टच्या घरात आहे.

आम्ही काही मित्र आणि मामेभाऊ मिळून दरमहा पैसे पाठवतो. खाण्यावर वीस-बावीस हजार, उरलेलं औषधांना. पूर्वीच्या दुप्पट पाठवतो आणि परिस्थिती होती तिथेच आहे, कारण कुत्रीही दुप्पट झालीत. बऱ्याच माद्यांची नसबंदी झालेली नाही, काही तर आत आल्यावर गाभण राहिल्यात. खाजगीत एका मादीच्या ऑपरेशनचे चार-पाच हजार सांगतात. हिवाळ्यात पार्व्हो (पिल्लांचा जीव घेणारा विषाणूजन्य रोग) आला तेव्हा पिल्लांचं एक अख्खं वेत गेलं, मागून दुसरं.

मला वाटायला लागलंय की आमच्या पैशावर निवारा उभा राहत नाहीये, गर्दी वाढतेय. हे काकूंना कसं सांगायचं? एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "लोकं रातच्याला पोत्यात घालून टाकू लालेत. सकाळी उठून मी काय त्याच्याकडं पाठ करू?" यावर मी गप्प बसलो.

तर विचारायचं असं, की नसबंदी स्वस्तात आणि नीट कुठे होईल? संस्था रजिस्टर करावी का, की नसता ताप आहे? आणि नवीन कुत्री घेणं थांबवायचं कसं, तेही काकूंचं मन न मोडता? शेजारच्या शेतकऱ्यांची कुरकुर आहेच. ती रास्त आहे, रात्री एक भुंकलं की साठ भुंकतात.

---

मांजराकाठ

आधी एक सांगा, नर-माद्या वेगळ्या ठेवल्यात का? तुमच्या लिहिण्यावरून तरी नाही. दोन शेडं आहेत ना, मग एक माद्यांचं आणि एक नरांचं करा, आजच्या आज. मधे जाळी मारायचा खर्च काय तो येईल. ऑपरेशनं होतील तेव्हा होतील, तोवर आतल्या आत वाढ तरी थांबेल.

ऑपरेशनसाठी उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बघा. नागपूरच्या विद्यापीठाचं आहे, तिथे दवाखाना चालतो आणि शिकणाऱ्या मुलांना हाताखाली केसेस हव्याच असतात. तसंच परभणीलाही आहे, पण तुम्हाला उदगीर सोयीचं. फोनवर काम होत नसतं. साध्या कागदावर अर्ज, कुत्र्यांची यादी, फोटो, असं घेऊन प्रत्यक्ष जा आणि शल्यचिकित्सा विभागात भेटा. एकदम ढीगभर नेऊ नका, आठवड्याला दोन-तीन म्हणा. माघारी आणल्यावर टाके सुकेपर्यंत कोरड्या जागी, एकेकटं ठेवता येईल अशी सोय आधी करा. तिथे हयगय झाली की सगळं मुसळ केरात.

---

गोचीडमास्तर

पशुवैद्य आहे, सरकारी नाही. पार्व्होबद्दल थोडं.

हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. फिनाईलने मरत नाही, कितीही वास सुटू द्या. फरशी असेल तर आधी घाण धुऊन काढायची आणि मग ब्लीच, एकाला तीस पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं. तुमच्याकडे मुरूम-माती असणार, तिथे ब्लीचचाही उपयोग नाही. म्हणून जिथे पिल्लं गेली ती जागा पिल्लांना वर्षभर बंद. मोठी, लस झालेली कुत्री ठेवा तिथे.

नवीन येणाऱ्याला पहिले दोन आठवडे वेगळं ठेवायचं. भांडं वेगळं, आणि काकूंनी त्याचं सगळ्यात शेवटी करायचं, आधी नाही. ही एक शिस्त पाळली तरी औषधाचा खर्च उतरतो. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर (असाच एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) यांची लस, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी, सगळ्यांना, चुकवायची नाही.

आणखी एक. लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑइल चोळायची आपल्याकडे पद्धत आहे. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं. काका करत असतील तर थांबवा. हल्ली लुतीवर चांगल्या गोळ्या आहेत, पण वजन बघून डॉक्टरने द्यायच्या. मेडिकलवाल्याला विचारून जनावरांचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) अंदाजाने टोचणं काही जातींना जिवावर बेततं.

काका-काकूंनी स्वतः रेबीजची आधीच घ्यायची लस घेतली आहे का? रोज साठ तोंडांत हात घालणाऱ्यांनी ती घेतलीच पाहिजे. चावलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं आणि मग दवाखाना. हळद-चुना भरायचा नाही.

---

रोखठोक

राग मानू नका, पण आमच्या गल्लीत शाळेतल्या पोराच्या पोटरीचा लचका तोडलाय कुत्र्याने. साठ कुत्र्यांना चिकन-भात घालायला लोकांकडे पैसे आहेत याचं नवल वाटतं. माणसांचं कोण बघणार?

---

बालाघाटी

@रोखठोक, पोराला रेबीजच्या इंजेक्शनांचे सगळे डोस पूर्ण द्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मधला डोस चुकवू नका. बाकी तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच नसबंदी आणि लशीचं विचारतोय. कुंपणात असलेलं, लस टोचलेलं कुत्रं तुमच्या पोराला चावायला येत नाही. आणि ते चिकन म्हणजे दुकानदार फेकून देतो ते.

---

हिशोबनीस

नोंदणी करा. ताप आहे, पण त्याशिवाय पुढचा एकही दरवाजा उघडत नाही.

आपल्या राज्यात साधारण एकाच फटक्यात दोन्ही होतं: १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली ट्रस्ट. धर्मादाय कार्यालय लातुरात आहे. सोसायटीला किमान सात जण लागतात. सातही नातेवाईक घालू नका, एखादा डॉक्टर आणि एखादा शेजारचा शेतकरी घ्या. हो, तोच कुरकुर करणारा. मग पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, आणि आयकराच्या दोन नोंदण्या, जुन्या कायद्यातल्या कलमांनी ओळखल्या जाणाऱ्या: १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला सूट). पहिल्यांदा तात्पुरती नोंदणी मिळते. ८०जीचा फार गवगवा करू नका, नव्या करप्रणालीत देणगीदाराला ती सूट मिळतच नाही, आणि जुन्यातही दोन हजारांवरची रोख चालत नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (समाजकार्यावर करायच्या खर्चात) प्राणिकल्याण बसतं, पण त्याला सीएसआर-१ नोंदणी हवी आणि कंपन्या जुने ताळेबंद मागतात. म्हणजे आज पेरलं तर काही वर्षांनी उगवणार.

सध्या सगळे पैसे काकांच्या बचत खात्यावर जात असतील तर ते आधी बंद करा. उद्या गावात कुणी बोट दाखवलं की माणूस आयुष्यभराचा खचतो. शंभर पानी वही, रोजचा जमा-खर्च, आणि प्रत्येक कुत्र्याची एक ओळ: कधी आलं, कुठून, लस, ऑपरेशन. तीच वही पुढे सगळीकडे कामी येते.

त्या गाडीबद्दल. २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी-लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि ते काम प्राणिकल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यायचं असतं. काकूंकडे ती मान्यता नाही. पुढच्या वेळी गाडी आली की गाडीचा नंबर दिसेल असा फोटो आणि एक पत्र: अमुक तारखेला अमुक कुत्री उतरवली, खर्च कोण देणार ते लेखी कळवावे. पोच घ्या. भांडायचं नाही, फक्त पोच घ्यायची. गाडी आपोआप दुसरा रस्ता धरेल.

---

तुळजाई

आमचंही असंच होतं, संभाजीनगरकडे. आता तीसच्या वर जाऊ देत नाही. कसं ते सांगते.

"घेणार नाही" असं म्हटलं की माणूस रात्री येऊन टाकून जातो. म्हणून आम्ही "घेतो, पण" म्हणायला लागलो. कुणी कुत्रं घेऊन आलं की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, नेमकी अडचण काय? दहातल्या चौघांची अडचण फुटकळ असते. लूत आहे, चावरं झालंय, माजावर येते आणि दारात कुत्री जमतात. मग म्हणायचं, औषध आम्ही देतो, ऑपरेशन करून देतो, कणीचं एक पोतंही देतो, कुत्रं तुझ्या दारात राहू दे. साठावं कुत्रं आयुष्यभर पोसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. तोडीवर जाणाऱ्यांचंही तसंच करा. दिवाळीच्या आधी तांड्यावर जाऊन सांगा, कुत्री आत्ताच ऑपरेशनला द्या, आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे धान्य ठेवा. म्हातारे राहतातच की घरी, भाकरतुकडा घालायला त्यांची ना नसते.

हस्की-लॅब्राडॉरवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आत घेताना मालकाची सही, आधार आणि ऑपरेशनचे पैसे घ्यायचे. लाज वाटते, पण देतात. ही कुत्री दत्तकही लवकर जातात, मात्र नसबंदीशिवाय कुणाला देऊ नका. फुकट ब्रीडिंगला नेणारे टपलेले असतात.

काकूंशी तुम्ही बोलूच नका. त्यांच्या दृष्टीने तुम्ही पैसे पाठवणारे, म्हणजे तुमचं बोलणं हिशोब मागितल्यासारखं वाटणार. दुसऱ्या बाईने, जिने स्वतः पिल्लं मातीआड केलीत, तिने बोलावं. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, काकूंना द्या. आणि त्यांना सांगा पत्र्यावर चुना मारून घ्या, वर कडबा अंथरा, मे महिना पुढे आहे.

---

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. @तुळजाई, ताई, व्यनि मिळाला. काकूंना नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी काका मला फोनवर म्हणाले, "ती बाई काय बोलली तुझ्या काकूशी? तासभर झालं, फोन सोडंना." एवढंच कळलंय, पुढचं विचारलं नाही.

माद्यांची जाळी लागली, लोहाराने मजुरी घेतली नाही. वही सुरू केली, सध्या शेजारची दहावीतली पोरगी लिहिते. जळकं ऑइल काका वापरत होते, डबा उचलून ट्रॅक्टरवाल्याला दिला. शेजारच्या शेतकऱ्याला सात जणांत यायला विचारलं तर आधी हसला, मग म्हणाला, रात्री उशिरा खायला घालत जा, पोटभर खाल्लं की भुंकत नाहीत. करून बघतोय.

उदगीरला अर्ज दिला, दर बुधवारी दोन माद्या आणा म्हणालेत. आता अडलंय ते नेण्या-आणण्यावर. बसमध्ये कोणी घेत नाही, खाजगी गाडीचं भाडं ऑपरेशनएवढं सांगतात. चाकूर किंवा अहमदपूरहून बुधवारी सकाळी उदगीरकडे रिकामी जाणारी पिकअप कुणाच्या माहितीत आहे का? दुधाची, भाजीची, कुठलीही चालेल. पिंजरे आमचे, डिझेलचे पैसे देऊ. असेल तर व्यनि करा.