बायसनचे कळप कोठे पाहावेत?

सस्नेह नमस्कार.
येत्या ऑगस्टमध्ये माझे आई-वडील कोल्हापूरहून आमच्याकडे अमेरिकेत नेब्रास्कातील ओमाहाला येत आहेत. दाजीपूरचे गवे त्यांनी पुष्कळदा पाहिले आहेत. आता मोकळ्या माळावरचा बायसन, म्हणजे गव्याचा अमेरिकी भाऊबंद, पाहावा, अशी बाबांची फार इच्छा आहे. त्यांना फारसे चालवत नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापेक्षा जवळचे ठिकाण कोणी सुचवू शकेल का?

---

नमस्कार.
आपण साउथ डकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. बायसन जवळजवळ नामशेष झाल्यानंतर १९१३ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून चौदा बायसन रेल्वेने येथे आणले गेले आणि आजचा कळप मुख्यतः त्यांच्यापासूनच वाढला. लगतच्या कस्टर स्टेट पार्कमध्ये हजाराहून अधिक बायसन आहेत व तेथील अठरा मैलांच्या वाइल्डलाइफ लूप रस्त्यावर ते सहसा दिसतात. परंतु तेथे गाड्यांची गर्दी असते. विंड केव्हमधील ५ आणि ६ क्रमांकाच्या खडीच्या रस्त्यांवर मात्र इंजिन बंद करून निवांत थांबता येते, आणि बाबांना आसनावरून उठावेही लागत नाही.

ऑगस्ट हा माजाचा काळ असल्याने एरवी एकटे फिरणारे नर तेव्हा कळपात येतात, धुळीत लोळतात आणि त्यांचा घोगरा, खोल हुंकार दूरवर ऐकू येतो. गवा झाडीत दिसेनासा होतो. बायसन मात्र उघड्यावर वशिंड उंचावून उभा असतो, हा फरक बाबांना नक्की जाणवेल. पहाटे निघावे. नियम किमान पंचवीस यार्ड अंतराचा असला, तरी शेपूट ताठ उभारलेला नर दिसल्यास आणखी मागे सरकावे, कारण एवढ्या अवजड देहाचा हा प्राणी ताशी पस्तीस मैल वेगाने धावू शकतो.

---

सर्वांना नमस्कार.
वरील सूचना उत्तम आहे, पण ओमाहाहून तो प्रवास सुमारे आठ तासांचा आहे. ज्येष्ठांना तो झेपणार नसेल, तर आयोवातील प्रेअरी सिटीजवळचे नील स्मिथ अभयारण्य अडीच तासांच्या आसपास आहे. तेथे मक्याच्या जुन्या शेतांत मूळचे उंच गवत पुन्हा पेरून प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, उभी केली आहे. कळप कुंपणाच्या आत असतो, हे खरे. परंतु ऑगस्टमध्ये गवत इतके वाढते की कधीकधी बायसनची फक्त पाठ दिसते, म्हणून दुर्बीण जरूर न्यावी.