छत्रीचा आकार आणि अळंब्यांचे नाते

छत्रीसारख्या दिसणाऱ्या सर्व अळंब्या एकाच कुळातल्या मानाव्यात, असे एक मत मांडले जाते; त्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्राइस यांनी एकोणिसाव्या शतकात बीजाणू धारण करणाऱ्या भागाच्या रचनेवरून, म्हणजे तिथे पाती आहेत, छिद्रे आहेत की दाते, यावरून केलेले वर्गीकरण दीर्घकाळ टिकले. परंतु डीएनएच्या तुलनेतून हे आकार निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्याचे दिसून आले. दाबल्यावर धुरासारखी पूड उडवणारा लायकोपर्डॉन या अळंबीचा गोल फुगा आपल्या ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर मिळणाऱ्या बटण मशरूमचा बराच जवळचा नातलग आहे, हे नुसत्या दिसण्यावरून कोणाच्याही लक्षात येणार नाही.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती वारुळावर उगवणारी टर्मिटोमायसिस ही अळंबी. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसाळ्यात फिरताना वारुळांकडे अवश्य लक्ष द्यावे. वाळवी चघळलेल्या लाकूडपाल्याचे पोळे जमिनीखाली रचते, त्यावर ही बुरशी वाढते, वाळवीला न पचणारे लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, फोडते आणि वाळवी तीच खाते. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झालेली ही शेती इतकी परस्परावलंबी आहे, की वाळवीवाचून या अळंबीचे व्यापारी पीक घेणे अद्याप साधलेले नाही.