मदत हवी आहे: मॉड्स, रॉकर्स, टेडी बॉइज… कोण कुठले?
मंडळी, लेकीला कॉलेजात साठच्या दशकातल्या ब्रिटनमधल्या मॉड्सवर (फॅशन आणि संगीताच्या नादी लागलेल्या तरुणांचा गट) प्रेझेंटेशन द्यायचंय आणि आमचा पार गोंधळ झालाय. एवढं कळलं की १९५४ला तिथलं युद्धकाळापासूनचं रेशनिंग संपलं, पुढे पोरांच्या खिशात पगार खुळखुळायला लागला, मग काय, लंडनमधल्या फॅशनच्या कार्नबी स्ट्रीटचे टाइट सूट, वर पार्का (टोपीवाला लांब कोट), बुडाखाली लॅम्ब्रेटा नाहीतर व्हेस्पा स्कूटर (आपल्याकडे भाजी आणायची गाडी!), कानात अमेरिकन सोल नि जमैकन स्का संगीत. १९६४ला ब्रायटनच्या बीचवर लेदर जॅकेटवाल्या, मोटारसायकलवेड्या रॉकर्सशी मॉड्सचा राडा. पण टेडी बॉइज (पन्नासच्या दशकातला तरुणांचा गट) यांच्या आधीचे ना, मग ते पुढे रॉकर झाले का? आणि फॅशन डिझायनर मेरी क्वांटचे मिनीस्कर्ट यातच धरायचे की वेगळे? जाणकारांनी सांगा प्लीज, सोमवारी सबमिशन आहे.