नखे कुरतडण्याच्या हॉरर गेममध्ये भय आहे की नुसती किळस?

चौकस:
नखे कुरतडण्यावरच्या त्या छोट्या गेमला निशाचर यांनी ‘भुताविना भय’ म्हणून डोक्यावर घेतले आहे. मला त्यात किळसच दिसली. बटण दाबून ठेवले की दातांचा आवाज येतो, नखाचा तुकडा निघतो, मग कडेची कातडी सोलते आणि रक्त येते. २०१४ च्या ‘पी.टी.’ या हॉरर गेमने एकाच कॉरिडॉरमधून पुन्हापुन्हा चालायला लावून जो थरार साधला, त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही.

निशाचर:
‘पी.टी.’चे नाव आपणच काढलेत, हे बरे झाले. तिथे पुनरावृत्तीने घाबरवले होते आणि इथे तीच पुनरावृत्ती खेळणाऱ्याच्या हाती दिली आहे. बटण दाबण्याची सक्ती नसते, तरीही आपण दाबतो, आणि नख संपल्यावरही दाबतच आहोत हे ध्यानात येते तेव्हा अंगावर काटा येतो. आपण बहुधा हेडफोन न लावता खेळला असाल.

अर्धविराम:
मुळात हा गेम खेळणाऱ्याला लाजवतो, यावर दोघेही गप्प आहात. लहानपणी माझ्या बोटांना कडू औषध फासत आणि पाहुण्यांपुढे हात दाखवायला लावत. सवय सुटली नाही, मी ती लपवायला शिकलो. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सवय मोडण्याच्या पद्धतीत हात तोंडाकडे जाण्याचा क्षण ओळखून मूठ आवळण्यासारखी दुसरी हालचाल करायला शिकवतात. धाक दाखवत नाहीत.

चौकस:
माझ्या मुलाची सवय कडू औषधानेच सुटली. हल्ली मुलांना जराही बोलायची सोय राहिलेली नाही.

अर्धविराम:
सुटली, हे मुलाने सांगितले की आपण ठरवलेत? माझ्या घरीही सगळ्यांची अशीच खात्री होती.

चौकस:
माझ्या घरात डोकावण्याचे आपल्याला कारण नाही.

निशाचर:
गेम म्हणजे उपचार नव्हे, त्यामुळे औषधाचा वाद इथे गैरलागू आहे. पण अर्धविराम म्हणतात तो नकळतचा क्षण गेममध्येच आहे: लोडिंग चालू असताना, कोणतेही बटण दाबलेले नसताना, पात्राचा हात आपणहून वर येतो. यात लाजवणे कुठे आले?

अर्धविराम:
तेवढे दृश्य मान्य. त्यानंतर आरशातले पात्र खेळणाऱ्याकडे पाहून हसते, त्याला मात्र मी लाजवणेच म्हणेन.

चौकस:
लोडिंगचे दृश्य उत्तम आहे, असे हवे तर लिहून देतो. मग एवढे साधल्यावर शेवटी किंचाळणारा चेहरा अंगावर सोडण्याची गरज का पडली, हे भुताविना भयाच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे.

निशाचर:
त्या चेहऱ्याचे समर्थन मी करणार नाही.